पाचशे मैलांचा निकाल

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहराच्या पश्चिम हद्दीलगत, चार वळणांच्या आणि अडीच मैल घेराच्या धावमार्गावर, मे महिन्याच्या अखेरीस उघड्या चाकांच्या मोटारगाड्यांची जी पाचशे मैलांची शर्यत होते, तिच्या विजेत्यांची यादी वाचणाऱ्यास ती निर्विवाद वस्तुस्थितीची नोंद वाटावी हे स्वाभाविकच आहे. कारण दोनशे फेऱ्या जो सर्वांआधी पुऱ्या करील तो विजयी, याहून सरळ हिशेब दुसरा कोणता असणार? परंतु या यादीतील काही नावांवर गेली कित्येक दशके वाद चालू आहे, आणि तो केवळ पराभूतांच्या चाहत्यांनी चालविलेला रिकामटेकडा वाद नसून, मोजणाऱ्यांच्या जबान्या, पंचांचे निवाडे, अपिलांची सुनावणी आणि इतिहासलेखकांचे परस्परविरोधी अभिप्राय यांची त्यात चांगलीच भर पडलेली आहे. या वादाची आजची स्थिती काय आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे. १९११, १९८१ आणि २००२ या सालांचे तीन मोठे कज्जे लोकांच्या बोलण्यात एकाच माळेत ओवले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ते तिन्ही भिन्न जातीचे आहेत. पहिल्यात फेऱ्या किती झाल्या, दुसऱ्यात आगळिकीस शिक्षा कोणती आणि ती केव्हा, व तिसऱ्यात एक विवक्षित क्षण नेमका कोणता, हा प्रश्न आहे. आणि एका प्रकरणातील युक्तिवाद उचलून दुसऱ्यास लावल्यामुळेच या चर्चेत पुष्कळसा गोंधळ माजला आहे.

मैदान आणि कायदा

कार्ल फिशर आणि त्याचे तीन भागीदार यांनी १९०९ साली हा मार्ग बांधला तेव्हा त्यावर खडी आणि डांबर होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील शर्यतींत तो पृष्ठभाग उखडून माणसे दगावली, म्हणून मालकांनी सुमारे बत्तीस लक्ष विटांनी सगळा मार्ग फरसबंद करून घेतला, आणि ३० मे १९११ रोजी पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. शर्यतीवरील अंमल आरंभापासून १९५५ पर्यंत अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या स्पर्धा-मंडळाचा, १९५६ पासून युनायटेड स्टेट्स ऑटो क्लबचा, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून इंडी रेसिंग लीग या संस्थेचा व तिच्या उत्तराधिकाऱ्यांचा राहिला. अंमलदार बदलले की निवाड्याची रीतही थोडीबहुत बदलते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

पाचशे मैल हे अंतर नावात असले तरी ते अनुल्लंघनीय नाही. १९१६ साली शर्यतच मुळी तीनशे मैलांची ठरविली होती; पावसाने १९२६, १९५०, १९७३, १९७५, १९७६, २००४ आणि २००७ या वर्षी ती मध्येच आटोपली, आणि त्यांपैकी १९७६ मध्ये जॉनी रदरफर्डने अवघ्या १०२ फेऱ्यांत, म्हणजे २५५ मैलांत, विजय मिळविला. अर्ध्याहून एक फेरी अधिक झाली की शर्यत अधिकृत समजावी असा दंडक आहे, आणि त्याबद्दल फारशी कोणाची तक्रारही नाही. विजेता एकच असावा हादेखील अबाधित नियम नव्हे. १९२४ मध्ये एल. एल. कोरम आणि जो बॉयर, व १९४१ मध्ये फ्लॉइड डेव्हिस आणि मॉरी रोज, असे जोडविजेते नोंदले गेले. कारण एकाने गाडी निघताना हाकली आणि दुसऱ्याने ती शेवटास नेली. फ्लॉइड डेव्हिसने तर त्या दिवशी एकही फेरी आघाडीवर राहून काढली नव्हती. उलट पहिल्या वर्षी रे हॅरूनला विसावा देण्यासाठी सायरस पॅचकी याने काही काळ गाडी चालविली, पण आरंभ आणि शेवट हॅरूनचाच असल्यामुळे पॅचकीचे नाव विजेत्यांत आले नाही. १९२३ मध्ये टॉमी मिल्टन आणि हाउडी विलकॉक्स यांच्या बाबतीतही हाच न्याय लावला गेला.

मोजदादीची जुनी रीत किती कडक असू शके याचा एक नमुना १९१२ चा आहे. पहिल्या दहांना बक्षीस होते, आणि दहाव्याने पाचशे मैल पुरे केल्यावाचून पैसा मिळणार नाही असा पंचांचा हुकूम होता. विजेता कधीच घरी परतलेला, प्रेक्षक पांगलेले, अशा वेळी राल्फ म्युल्फर्ड आपली गाडी एकटाच फिरवीत राहिला आणि जवळजवळ नऊ तासांनी त्याने दहावा क्रमांक पदरात पाडून घेतला. मध्ये थांबून त्याने तळलेली कोंबडीही खाल्ली, असे सांगतात. हाच म्युल्फर्ड आदल्या वर्षीच्या कज्ज्याचा नायक आहे.

१९११: दप्तर हरवलेला कज्जा

पहिल्या शर्यतीत चाळीस गाड्या होत्या. इंडियानापोलिसच्याच नॉर्डाइक अँड मार्मन कंपनीची पिवळी, एकासनी 'वॉस्प' गाडी घेऊन हॅरून उतरला होता. इतरांच्या शेजारी मागचे पाहण्यासाठी मेकॅनिक बसलेला असे. हॅरूनने त्याच्याऐवजी आरसा लावला होता, आणि विटांवरील हादऱ्यांमुळे त्या आरशात काहीच धड दिसत नव्हते, अशी कबुली पुढे त्यानेच दिली. अधिकृत नोंदीप्रमाणे त्याने ६ तास ४२ मिनिटे ८ सेकंदांत शर्यत जिंकली, आणि लोझिअर गाडी चालविणारा म्युल्फर्ड त्याच्यामागून पावणेदोन मिनिटांच्या आत पोहोचला.

शर्यतीच्या मध्याच्या सुमारास, मुख्य प्रेक्षागृहासमोर, जो यागर्सबर्गर याची गाडी बिघडून तीतील मेकॅनिक रस्त्यावर पडला. त्याला वाचविण्यासाठी हॅरी नाइटने गाडी एकदम वळविली आणि ती पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यात, उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळली. हा सगळा प्रकार मोजणाऱ्यांच्या मंचाजवळच घडला, आणि त्या धावपळीत मोजणारे आपापल्या जागा सोडून गेले व काही काळ कोणाच्याच फेऱ्यांची धड नोंद झाली नाही, असे नंतर सांगण्यात आले. वेळ टिपण्यासाठी मार्गावर तार ताणून चालविलेले एक यंत्र होते. तेही तार तुटून बंद पडले होते. एकाच मार्गावर चाळीस गाड्या, त्यांतील कित्येक टायर बदलण्यासाठी वारंवार थांबणाऱ्या, आणि त्यांच्या फेऱ्या पेन्सिलीने कागदावर मांडणारी माणसे, एवढे चित्र मनात आणले म्हणजे मोजणीत चूक होणे किती सोपे होते ते कळते. शर्यतीनंतर पंचांनी कागद पुन्हा तपासले, क्रमांकांत काही फेरफार केले, पण हॅरूनचा पहिला क्रमांक कायम ठेवला.

म्युल्फर्डच्या पक्षाचे म्हणणे असे की शेवटचे निशाण प्रथम त्यालाच दाखविले गेले. गणतीत खोट राहू नये म्हणून खबरदारीच्या जादा फेऱ्या काढून तो परतला, तो विजेत्याच्या जागी हॅरून उभा असलेला त्याला आढळला. रस कॅटलिन यांनी १९६९ साली हा पक्ष लेखाद्वारे पुढे मांडला, आणि शर्यतीच्या शताब्दीच्या वर्षी चार्ल्स लीअरसन यांनी आपल्या 'ब्लड अँड स्मोक' या ग्रंथात त्या दिवशीच्या गणतीच्या विश्वासार्हतेवर सविस्तर शंका घेतल्या. विजेती गाडी गावातल्याच कारखान्याची होती, याकडेही या पक्षाचे लोक सूचकपणे बोट दाखवितात. विरुद्ध पक्षाचे प्रमुख वकील म्हणजे धावमार्गाचे माजी अधिकृत इतिहासकार डॉनल्ड डेव्हिडसन. हॅरूनने टायर झिजू नयेत म्हणून ताशी पंचाहत्तर मैलांच्या आसपास जाणूनबुजून धरलेली गती आणि त्यामुळे वाचलेले थांबे हा या पक्षाच्या युक्तिवादाचा कणा आहे. शिवाय म्युल्फर्डने स्वतः पुढील आयुष्यात हॅरूनविषयी आदराखेरीज दुसरे काही दाखविले नाही, हेही येथे नमूद करणे न्याय्य होईल.

दोन्ही पक्षांचा अभ्यास करणाऱ्यास एक अडचण पदोपदी भेडसावते: मूळ गणनापत्रके आज हाती नाहीत. ती नाहीशी झाल्यामुळे हा कज्जा पुराव्याच्या भूमीवरून तर्काच्या भूमीवर गेला आहे, आणि तेथे तो कितीही काळ चालू शकेल. प्रस्तुत लेखकास इतकेच म्हणावेसे वाटते की मोजदाद सदोष होती हे सिद्ध झाले तरी म्युल्फर्ड जिंकला हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मधला काळ

पुढील अर्धशतकात अशी प्रकरणे तुरळक आहेत. १९४७ साली बिल हॉलंडला आपण एक फेरी पुढे आहोत असे वाटत होते. पिटमधून दाखविलेल्या फलकावर सावकाश चालविण्याची सूचना होती, म्हणून त्याने आपल्याच चमूतील मॉरी रोजला खुशाल पुढे जाऊ दिले, आणि तो नुसता पुढे गेला नसून शर्यत जिंकून गेला हे त्याला शेवटच्या निशाणानंतर कळले. निकालात येथे खोट नव्हती, समजुतीत होती. १९६३ मध्ये पार्नेली जोन्सच्या आघाडीवरील गाडीतून तेल गळू लागले, तेव्हा तिला काळे निशाण दाखवून बाहेर काढावे की नाही यावर प्रमुख स्टुअर्ड हार्लन फेंगलर आणि गाडीचे मालक जे. सी. अगजेनियन यांच्यात धावमार्गाच्या कडेलाच हुज्जत झाली. गळती थांबली आहे असे ठरून निशाण दाखविले गेले नाही, जोन्स जिंकला आणि ब्रिटनचा जिम क्लार्क लोटस गाडीत दुसरा आला. तेल सांडले म्हणून आपली गाडी घसरली, असे दुसऱ्या दिवशी एडी सॅक्सने तोंडावर म्हणताच जोन्सने त्याला ठोसा मारला. हे प्रकरण निकालाच्या वादापेक्षा पंचाच्या स्वेच्छाधिकाराच्या वादात अधिक शोभते, आणि म्हणूनच १९८१ कडे जाताना त्याची आठवण ठेवावी.

१९६६ चे प्रकरण मात्र १९११ च्या जातीचे आहे. पहिल्याच फेरीतील अपघाताने तेहतीसपैकी अकरा गाड्या बाद झाल्या. शेवटी एका फेरीहून अधिक आघाडी असलेला जॅकी स्टुअर्ट, अवघ्या दहाएक फेऱ्या उरल्या असता, तेलाचा दाब गेल्याने थांबला. आणि पहिल्यांदाच ही शर्यत चालविणारा ग्रॅहम हिल विजयी ठरला. क्लार्कच्या चमूची मात्र त्या वेळी अशी खात्री होती की आपणच पुढे आहोत, आणि क्लार्क विजेत्याच्या जागेकडे गाडी वळवू लागला तो तेथे हिल आधीच येऊन पोहोचला होता. क्लार्कची गाडी दोनदा गरकन फिरली होती, आणि त्याच रंगाची, त्याच मालकाची दुसरी लोटस अल अन्सर चालवीत होता. तेव्हा एकाची फेरी दुसऱ्याच्या नावावर चढली असावी असा तर्क आहे. गंमत अशी की या एकाच तर्कावरून दोन्ही पक्ष आपापला निष्कर्ष काढतात: एकाच्या मते घोटाळा अधिकृत कागदांत झाला, दुसऱ्याच्या मते तो लोटसच्या पिटमधील पाटीवर झाला. अधिकृत निकालात हिल ४१ सेकंदांनी पुढे आहे, आणि लोटसच्या मालकांनी तो निकाल बदलून घेतला नाही.

१९८१: गुन्हा मान्य, शिक्षा अमान्य

आता आपण अशा प्रकरणाकडे येतो की ज्यात वस्तुस्थितीविषयी फारसा वादच नव्हता. २४ मे १९८१ च्या शर्यतीत, १४९ व्या फेरीच्या सुमारास पिवळे निशाण असताना, म्हणजे कोणीही कोणास मागे टाकावयाचे नाही अशा अवस्थेत, बॉबी अन्सर आणि मारिओ अँड्रेटी दोघेही पिटमधून बाहेर पडले. अन्सर वळणाच्या आतील पट्ट्यावरून आठ गाड्यांना मागे टाकून रांगेत शिरला. अँड्रेटीनेही दोन गाड्या ओलांडल्या होत्या, असे अन्सरच्या बाजूचे म्हणणे होते. शर्यत अन्सरने पाच सेकंदांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अधिकृत निकाल फलकावर लागला तो वेगळाच होता: अन्सरला एक फेरीचा दंड आणि अँड्रेटी विजेता. चषकासोबतचे छायाचित्र त्या सकाळी अँड्रेटीचे काढले गेले. जो चालक बेल्जियममधील फॉर्म्युला वन शर्यतीमुळे पात्रता फेरीस हजर नव्हता, ज्याची गाडी दुसऱ्याने पात्र करून दिली आणि ज्याने बत्तिसाव्या जागेवरून आरंभ केला, तो असा एका रात्रीत विजेता झाला.

अन्सरचा मालक रॉजर पेन्स्की याने अपील केले. त्याच्या पक्षाची बाजू दुहेरी होती. पिटमधून येणाऱ्याने रांगेत नेमके कोठे मिसळावयाचे, हे नियमात स्पष्ट नव्हते, आणि आतील पट्टा जेथे संपतो तेच ते स्थान असा अर्थ लावता येत होता, ही पहिली. आणि पंचांना ती आगळीक त्याच वेळी दिसली असेल तर तिची शिक्षा त्याच वेळी द्यावयास हवी होती, म्हणजे उरलेल्या पन्नास फेऱ्यांत चालकास नुकसान भरून काढण्याची संधी राहिली असती, ही दुसरी. अँड्रेटीच्या पक्षाचे उत्तर साधे होते: नियम मोडला आहे, तो चित्रफितीत सर्वांना दिसतो आहे, आणि उशिरा दिलेला न्याय हाही न्यायच.

त्रिसदस्य मंडळाने ८ ऑक्टोबर रोजी दोन विरुद्ध एक मतांनी अन्सरचा विजय त्याला परत दिला आणि चाळीस हजार डॉलरचा दंड ठोठावला. या निवाड्यातील बारकावा असा की मंडळाने अन्सरला निर्दोष ठरविले नाही. दोष ठेवला, पण त्याची किंमत फेरीत न घेता पैशात घेतली. अन्सरची ती शेवटची इंडियानापोलिस शर्यत ठरली, आणि अँड्रेटीच्या नावावर या शर्यतीतील १९६९ चा एकच विजय राहिला. निशाण पडल्यानंतर फेरीचा दंड करून विजेता बदलावा काय, या प्रश्नावर मंडळाने प्रतिकूल कल दाखविला असे बहुतेक अभ्यासक मानतात; परंतु एका मताच्या फरकाने दिलेल्या निकालास कायमचा दाखला मानावे काय, याविषयी दुमत आहे.

१९९५ मध्ये पंचांनी तोच धडा उलट बाजूने गिरविला. आघाडीवरील स्कॉट गुडइयरने, शेवटच्या दहा फेऱ्यांच्या तोंडावर, हिरवे निशाण पडण्यापूर्वीच सर्वांचा वेग बांधून धरणाऱ्या 'पेस कार'ला ओलांडले. त्याला लगेच काळे निशाण दाखविले गेले. ते त्याने जुमानले नाही, तेव्हा १९५ व्या फेरीनंतर त्याच्या फेऱ्या मोजणेच बंद करण्यात आले, आणि जॅक व्हिलनव्ह विजयी झाला. व्हिलनव्हलाही त्याच दिवशी अशाच चुकीसाठी दोन फेऱ्यांचा दंड झाला होता. परंतु तो शर्यत चालू असताना झाल्यामुळे त्याला भरून काढता आला.

२००२: एका क्षणाचा वाद

२६ मे २००२ रोजी १९९ व्या फेरीत, इंधन संपत आलेला हेलिओ कॅस्ट्रोनेव्हस आघाडीवर असताना, पॉल ट्रेसीने तिसऱ्या वळणापाशी त्याला बाहेरून मागे टाकले. त्याच सुमारास दुसऱ्या वळणावर लॉरां रेदाँ आणि बडी लझिअर यांच्या गाड्या आदळल्या आणि पिवळे दिवे लागले. दिवे आधी की ओलांडणे आधी? ताशी २२० मैलांच्या गतीने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे शंभर मीटर अंतर कापते. म्हणजे या वादाचा विषय असलेला कालखंड गाडीच्या चार-सहा लांबींत मावणारा आहे.

ट्रेसीच्या चमूने चित्रफितींचा पुरावा सादर करून म्हटले की मार्गावरील दिवा लागला तेव्हा आमची गाडी पुढे होती. शर्यत चालविणाऱ्या इंडी रेसिंग लीगचे म्हणणे असे की सावधगिरीची अवस्था नियंत्रणकक्षाने घोषणा करताच सुरू होते, मार्गावरील दिवा हे तिचे एक साधन आहे, आणि त्या क्षणी कॅस्ट्रोनेव्हस पुढे होता. प्रमुख अधिकारी ब्रायन बार्नहार्ट यांनी तक्रार दुसऱ्याच दिवशी फेटाळली. संस्थेचे प्रमुख टोनी जॉर्ज यांनी ३ जुलै रोजी अपीलही फेटाळताना असे ठरविले की सावधगिरी केव्हा लागू झाली हा पंचाच्या प्रत्यक्ष निर्णयाचा विषय असून त्यावर अपीलच चालत नाही.

या कज्ज्यास तत्कालीन फाटाफुटीचा रंग होता, हे दृष्टीआड करता येत नाही. १९९६ पासून अमेरिकेतील उघड्या चाकांच्या शर्यती दोन प्रतिस्पर्धी संस्थांत विभागल्या गेल्या होत्या; ट्रेसी प्रतिस्पर्धी संस्थेचा, आणि टोनी जॉर्ज लीगचे संस्थापक असून धावमार्गही त्यांच्याच कुटुंबाचा. फिर्याद ऐकणारा प्रतिवादीच आहे, असा आक्षेप त्यामुळे घेतला गेला. उलट बाजू अशी की कॅस्ट्रोनेव्हस ज्याच्यासाठी चालवीत होता तो पेन्स्कीचा चमूही आदल्या वर्षापर्यंत त्या दुसऱ्याच संस्थेत खेळत होता, त्यामुळे पक्षपाताचा आरोप दिसतो तितका सरळ नाही. प्रस्तुत लेखकास अधिक खटकते ते वेगळेच: १९८१ मध्ये पंचाच्या निर्णयाची मंडळाने खुल्या दिलाने छाननी केली, आणि २००२ मध्ये तशी छाननी नियमानेच वर्ज्य ठरली. दोन्ही निवाड्यांनी धावपट्टीवर लागलेला निकाल टिकला, पण तो टिकण्याची कारणे परस्परांशी जुळत नाहीत.

अनिर्णित बाबी

फेऱ्या मोजण्याचा प्रश्न आता बहुतांशी मिटला आहे. प्रत्येक गाडीत ट्रान्सपॉन्डर आणि मार्गाखाली पुरलेल्या तारा यांमुळे १९११ किंवा १९६६ सारखा गणतीचा वाद पुन्हा उद्भवणे कठीण आहे. १९९२ मध्ये धाकट्या अल अन्सरने त्याच गुडइयरवर ०.०४३ सेकंदाने मिळविलेल्या विजयाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वाद सरकला आहे तो शर्यतीचा शेवट कसा व्हावा याकडे. पिवळ्या निशाणाखाली निमूटपणे संपलेली शर्यत प्रेक्षकांना आवडत नाही, म्हणून अलीकडे शेवटच्या फेऱ्यांत लाल निशाण दाखवून शर्यत थांबविण्याकडे कल दिसतो. २०२३ मध्ये तिसऱ्या लाल निशाणानंतर गाड्या पिटमधून निघाल्या त्या थेट एका फेरीच्या झुंजीसाठीच, आणि जोसेफ न्यूगार्डनने मार्कस एरिक्सनला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी अंतराने मागे टाकले. अशा पुनरारंभास पुरेसा अवधी होता काय, याबद्दल एरिक्सनने तेव्हाच नाराजी दाखविली होती. तर विजय हिरव्या निशाणाखालीच ठरावा, हे तत्त्व पाळले गेले असे समर्थक म्हणतात. नियमपुस्तकात याला ठरीव मर्यादा नाही.

तपासणीचा मुद्दा याहून अवघड आहे. २०२५ मध्ये अ‍ॅलेक्स पलोच्या मागून दुसरा आलेला तोच एरिक्सन, गाडीतील भागांत अनधिकृत फेरफार आढळल्यामुळे, शर्यतीनंतरच्या तपासणीत एकतिसाव्या क्रमांकावर ढकलला गेला. विजेत्याच्याच गाडीत असे काही आढळले तर १९८१ चा निवाडा आड येईल काय, की यांत्रिक दोष आणि चालकाची आगळीक हे भिन्न मानले जातील, याचे उत्तर अद्याप कोणास द्यावे लागलेले नाही.

न्यायासनाचा प्रश्नही २०२५ मध्ये तसाच उभा राहिला. २०२० पासून धावमार्ग आणि शर्यतमालिका दोन्ही बहुतांशी रॉजर पेन्स्कीच्या मालकीची आहेत, आणि त्याचा चमू तिच्यात भागही घेतो. २०२५ च्या पात्रता फेरीत त्याच्याच दोन गाड्यांत नियमबाह्य भाग सापडले, तेव्हा न्यूगार्डन आणि विल पॉवर यांना शेवटच्या रांगेत पाठविण्यात आले आणि चमूच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढून टाकण्यात आले. यंत्रणा मालकाचीही गय करीत नाही याचा हा पुरावा, असे एक पक्ष म्हणाला. मालकाच्या गाड्यांचा न्याय मालकाच्या नोकरांनी करावा अशी वेळच का यावी, असे दुसऱ्याने विचारले, आणि स्वतंत्र पंचयंत्रणेची मागणी पुढे केली.